कड्याच्या वाटेची नोंद

१२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला रागावू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

मुद्द्याचं आधी सांगते. पायवाट मंडळाने ठरवलंय की टेकडीच्या मागच्या अंगाने जी नवी वाट या महिन्यात पुरी होतेय, तिला भावोजींचं नाव द्यायचं. पाटी रंगवायला टाकण्याआधी तुझी संमती हवी. औषधांच्या दुकानाचे मालक आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, "तुमची सख्खी बहीण, तुम्हीच विचारा." सख्खी या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला असं मला वाटलं. पण हल्ली मला काहीही वाटतं.

इकडचं सांगायचं तर सात वाटांपैकी पाच सुरू आहेत. पावसाने उखडलेल्या पायऱ्या गवंड्याने पुन्हा बसवल्या. वाटेवर पाणी साचू नये म्हणून आडवे तिरपे चर खणतात ना, ते मी शिकले. सत्तावन्नाव्या वर्षी हातात टिकाव! भावोजी म्हणायचे, पाण्याला आधी विचारायचं, बाबा तुला कुठे जायचंय, आणि मगच खणायला घ्यायचं. मी विचारत नाही, सरळ खणते, म्हणून माझे निम्मे चर पहिल्याच सरीत बुजले.

नवी पत्रकं छापली. दवाखान्यात, शाळेत, केस कापायच्या दुकानात ठेवली. दातांच्या डॉक्टरीणबाई तर कवळीच्या डबीबरोबर एक एक देतात. म्हणतात, दात गेले तर गेले, पाय तरी राखा. तरी रविवारच्या फेरीला वीसेक माणसंच येतात. पूर्वी साठ-सत्तर यायची. लोक उघड काही म्हणत नाहीत, पण पत्रक हातात घेऊन आधी विचारतात, "ही ती वाट नव्हे ना?"

कड्याची वाट बंद आहे. तिकडे मी गेलेले नाही.

तू गाव सोडून जाताना दारात म्हणालीस, "तुमच्या वाटा तुम्हाला लखलाभ." मी ते मनावर घेतलेलं नाही. तू हो म्हणालीस तर पाटीवर फक्त नाव असेल, हार-तुरे, भाषणं काही नाही. त्यांना आवडली नसती.

तब्येतीला जप. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, पाठवते.

तुझी
धाकटी

३ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे आमच्या शिपायाने वाचलं असणारच. बिचारा दिवसभर माझ्याशी फार अदबीने वागला.

तू लिहिलंस ते इथे पुन्हा उतरवते, कारण मला ते नीट समोर ठेवायचंय. "नाव देऊ नका. एकट्याने जाऊ नका असं गावभर शिकवणारे स्वतः एकटे गेले. मला तळ्याकडे जातो म्हणाले आणि सापडले कड्याखाली. शेवटच्या दिवशी माझ्याशी खोटं बोलून गेले. पस्तीस वर्षांत आणखी किती वेळा बोलले असतील ते आता कुणाला विचारू? मला पुन्हा लिहू नकोस."

मंडळात मी एवढंच सांगितलं, की ताई नको म्हणते. पाटी रद्द झाली.

पुन्हा लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. भावोजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघी तुझ्या स्वयंपाकघरात होतो. घर माणसांनी भरलेलं. तू ओट्याला धरून उभी होतीस आणि रडत होतीस, अगदी लहान मुलीसारखी, आवाज करून. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तू विचारलंस, "तिकडे कशाला गेले गं ते?" आणि मी म्हणाले, "भावोजी कधी कुणाचं ऐकायचेच नाहीत, ताई. हट्टी होते."

तुझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस, तोंड पुसलंस आणि बाहेर जाऊन माणसांना पाणी दिलंस. त्यानंतर मी तुला रडताना पाहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सावरली.

ते वाक्य खरं नव्हतं. भावोजी ऐकायचे. मंडळात कुणीही काहीही सांगावं, अमुक ठिकाणी काटे आलेत, तमुक बाण दिसत नाही, ते खिशातली वही काढून लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन तिथे हजर. शाळेतल्या पोरीने सांगितलं की वाटेवर मुंगळे फार, तर तेही लिहून घेतलं होतं. त्यांच्याइतकं ऐकणारा माणूस आपल्या घरात दुसरा नव्हता.

मंडळाचा अहवाल तुला पाठवला होता. त्यात दोन वाक्यं आहेत. एक, वाट खचत असल्याची कोणतीही सूचना मंडळाकडे आलेली नव्हती. दोन, ते कोणालाही न कळवता गेले. तो अहवाल मी लिहिला. चिटणीस मीच, तेव्हा लिहिणार मीच.

त्याबद्दल थोडं बोलायचं होतं. पण आता कुलूप लावायची वेळ झाली, शिपाई किल्ल्या वाजवतोय.

धाकटी

१७ मार्च

ताई,

आज शेळ्यावाली लायब्ररीत आली होती. तू तिला ओळखतेस. कड्याच्या पायथ्याशी राहते, आणि भावोजींना तिनेच पाहिलं, पहिल्यांदा.

दुपारची वेळ, वर्तमानपत्र वाचणारे दोघे म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. काठी दाराशी टेकवून ती सरळ माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, तुमच्या कागदात लिहिलंय म्हणे, कुणी सांगितलंच नव्हतं."

"कुठला कागद?" मी म्हटलं. म्हणजे बघ, तरीही.

"पंचायतीच्या फळ्यावर लावलाय तो. मला वाचता येत नाही, सुनेने वाचून दाखवला. मग मी गुरुवारी आले होते ती कुणाकडे?"

"बसा ना," मी म्हटलं.

"बसायला नाही आले. लोक मला विचारतात, तू रोज शेळ्या घेऊन तिथून जातेस, तुला कसं दिसलं नाही? तोंडावर विचारतात. सहा महिने ऐकून घेतेय. मला वाटलं, बाईंच्या घरातलं माणूस गेलंय, दुःखात विसरल्या असतील, आपण कशाला बोला. पण तुम्ही लिहून ठेवलंत. विसरलेलं माणूस लिहून ठेवत नाही."

वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने पेपर खाली केला.  ती काठी घेऊन निघून गेली.

तेव्हा आता सांगते. मध्ये कुणी किल्ल्या वाजवल्या तरी उठणार नाही.

तो गुरुवार. शेळ्यावाली संध्याकाळी आली आणि म्हणाली, कड्यावरची वाट खालून पोकळ झालीय. वरून दिसत नाही, गवत आहे, पण मी खाली उभी राहून पाहिलं, माती निघून गेलीय, नुसतं वरचं कवच राहिलंय. शेळीने पाय दिला तर शेळी जाईल. तिने हाताने करून दाखवलं, पंजा आडवा धरून, खाली रिकामं. मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. अशी सूचना आली की तिची तक्रारवहीत नोंद करायची, भावोजींना फोन करायचा आणि त्याच दिवशी वाटेच्या तोंडाशी दोरी बांधून 'बंद' पाटी लावायची. नियम त्यांचाच होता.

रविवारी मोठी फेरी होती. तुला आठवत असेल, मी महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते. एकशे ऐंशी नावं आली होती. वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. पंचायतीचे साहेब स्वतः चालणार होते, आणि त्यांना पटलं तर सातही वाटा सरकारी नकाशावर जाणार होत्या. अकरा वर्षांचं काम. आणि सगळ्या फेरीत बघण्यासारखं काय तर कडा. पत्रकावर चित्रसुद्धा कड्याचंच, मीच निवडलेलं. कडा बंद म्हणजे फेरी बंद.

मी मनाशी म्हटलं, शेळ्यावाली जरा वाढवूनच सांगते. अकरा वर्षं काही झालं नाही, तीन दिवसांत काय होतंय. रविवारी माणसांना आतल्या बाजूने चालवू. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच. चिठ्ठी मी टेबलाच्या खणात टाकली. वहीत लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला भावोजींचा फोन आला. ते वाटेवरच होते, दम लागलेला कळत होता. म्हणाले, "मी तळ्याच्या वाटेचं गवत कापायला निघालोय, गवंडी तिथे येतोय. रात्री पाऊस झाला म्हणून विचारतो, कड्याकडचं कुणाचं काही आलंय का?"

ताई, त्यांनी विचारलं. नेमकं तेच विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही भावोजी. सगळं ठीक आहे."

"मग असं करतो, आधी कड्यावरचे बाण रंगवून घेतो. मी आत्ता फाट्यापाशीच आहे, रंगाचा डबा पिशवीत आहेच. उद्या साहेब यायचेत, बाण ताजे दिसू देत. तासाभरात उरकेल. गवंड्याचा फोन लागत नाहीये, त्याला तेवढा निरोप दे."

मी बरं म्हटलं. हो, बरं म्हटलं. त्यांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते माझ्या जिभेवर होतं. पण मी ते बोलले असते तर गुरुवारपासून का बोलले नाही तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "जपून." गवंड्याला निरोप द्यायचाही राहिला. पत्रकांचे गठ्ठे बांधत होते.

ते तुला तळ्याकडे जातो म्हणाले, कारण ते तळ्याकडेच निघाले होते. तुझ्याशी खोटं बोलले नाहीत. घरातून निघताना त्यांच्या मनात कडा नव्हता. तो माझ्या फोनवर ठरला. एकटे गेले हे खरं, पण कुणालाही न कळवता नाही. मला कळवून गेले.

साडेअकराला ते सापडल्याचा फोन आला, तेव्हा मी सगळ्यांत आधी काय केलं माहीत आहे? खण उघडला आणि चिठ्ठी फाडली. बारीक बारीक तुकडे केले. मग चपला घातल्या. तुझ्याकडे यायच्या आधी.

सहा महिने तू त्यांच्यावर रागावून बसली आहेस. त्या रागाची धनीण मी आहे. तो त्यांच्यावरून काढ. माझ्यावर ठेवायचा की नाही ते तू बघ, मी त्याबद्दल काही मागत नाही.

उद्या सकाळी हे पत्र मी स्वतः जाऊन टाकणार आहे, शिपायाकडे देणार नाही.

—

४ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. असणार नाही हे धरूनच चालले होते. पण पुढे काय झालं ते तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

पत्र टाकलं त्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. मी आधी अध्यक्षांना एकट्यांना गाठलं. त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, हे माझ्याशी बोललात ते इथेच राहू द्या. आता सांगून काय साधणार? माणूस परत येणार आहे का? पंचायत सगळ्या वाटांना टाळं लावील. तुमच्या भावोजींनी अकरा वर्षं घासली, ती मातीत जातील. त्यांच्याचसाठी गप्प राहा."

खरं सांगते, मला ते ऐकून हलकं वाटलं. त्यांच्यासाठी म्हणून गप्प राहायचं! घरी जाऊन जेवलेही. पण मग शेळ्यावालीचा आडवा पंजा दिसायला लागला.

बैठकीत सांगितलं. शेळ्यावालीला बोलावून घेतलं होतं, ती दाराशी उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. मी अहवाल काढला, दोन्ही वाक्यं वाचली आणि म्हटलं, ही खोटी आहेत. गुरुवारी या बाईंनी मला सांगितलं होतं. शनिवारी भावोजींनी मला विचारलं होतं.

पंचवीसेक माणसं होती. कुणी ओरडलं नाही. मी ओरडा खाण्याची तयारी करून गेले होते, त्यामुळे मला काय करावं कळेना. दातांच्या डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. शेवटी गवंडी उठला. तो कधी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाला, "मी त्या दिवशी तळ्यावर दीड तास बसलो होतो. त्यांची वाट बघत. आणि त्यांना शिव्या घालत होतो."

एवढं बोलून तो निघून गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी सात-आठ जण उठले. दाराशी शेळ्यावाली होती. गवंड्याने तिला हात जोडले.

अध्यक्षांचा अंदाज बरोबर निघाला. पोलिसांनी माझा जबाब घेतला, दोन वेळा. पंचायतीने सातही वाटा तपासणी होईपर्यंत बंद केल्या. तपासणी कधी, ते कुणालाच माहीत नाही, साहेबांची बदली झालीय. माझं चिटणीसपद गेलं ते ठीकच. पण कोयते-फावड्यांची खोली बंद आहे, रविवारची फेरी बंद आहे. दवाखान्यातून पत्रकं उचलायला मला सांगितलं तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, "अहो, मला डॉक्टरांनी रोज तळ्यापर्यंत जायला सांगितलंय, आता मी कुठे जाऊ?" मी म्हटलं, रस्त्याने जा. ते म्हणाले, रस्त्याने ट्रक जातात.

काल फाट्यापर्यंत जाऊन आले. वाळलेलं गवत आताच वाटेवर आडवं झालंय. एक पावसाळा असाच गेला तर वाट कुठे होती ते सांगावं लागेल, आणि सांगणारा माणूस राहिलेला नाही. तेही माझ्याच खात्यावर. लोक आता दुकानात मला पाहून बोलायचे थांबतात. लायब्ररीत येणारे पुस्तक ठेवतात आणि शिक्का मारून होईपर्यंत खिडकीबाहेर बघतात. तक्रार नाही, नुसतं सांगतेय.

तुझ्या लेकीला मी फोन करणार नाही. तिने मला करावा असंही नाही.

धाकटी

२१ जून

ताई,

मंगळवारी तू आली होतीस.

मी तुला पाहिलं. बसथांबा लायब्ररीच्या समोरच, हे तुला माहीत असूनही तू तिथेच येऊन बसलीस, म्हणजे मी पाहावं असं तुला वाटत होतं, किंवा पाहिलं तरी फरक पडत नव्हता. तुझे पाय चिखलाने भरलेले होते. केस पांढरे झालेत तुझे. बस यायला चाळीस मिनिटं लागली. मी काचेच्या आत उभी होते. मधे एकदा शिपाई म्हणाला, "तुमच्या ताई ना त्या? बोलावू का आत?" मी नको म्हटलं. आयुष्यभर तुला काय वाटावं हे मीच ठरवत आले, पत्रकं छापावीत तसं. निदान ती चाळीस मिनिटं तरी तुझ्या मनासारखी जाऊ देत म्हटलं. बस आली, तू चढलीस. मान वळवली नाहीस.

काल शेळ्यावाली आली. यावेळी बसली. खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगायला सांगितलंय, म्हणून सांगते. नाहीतर सांगितलं नसतं."

तिने सांगितलं की तू सकाळी तिच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, मला ती जागा दाखवा. तिला वाटलं, कडा. ती म्हणाली, बाई, तिथे आता जाता येत नाही. तू म्हणालीस, कडा नको. फोन केला ती जागा. फाटा.

ती तुला घेऊन गेली. पंचायतीची बंदची पाटी होती, तू ती बाजूला केलीस. गवतातून दोघी गेलात. फाट्यावर पोचल्यावर तू विचारलंस, तळं कुठल्या हाताला? तिने दाखवलं. कडा कुठल्या हाताला? तेही दाखवलं. मग तू मागे वळून घराच्या बाजूला बघितलंस, आलात त्या वाटेकडे, आणि म्हणालीस, "म्हणजे इथपर्यंत ते तळ्याकडेच चालले होते."

शेळ्यावाली म्हणाली, "मग त्या खाली बसल्या आणि रडल्या. लय वेळ रडल्या, बाई. मी शेळ्या सोडून दिल्या आणि जवळ बसले. मधेच हसल्या पण. म्हणाल्या, फार हळू चालायचे हो, सारखे थांबायचे, मी पुढे जाऊन कंटाळायचे. म्हणाल्या, नऊ महिने झाले, मी त्यांचं नाव घेतलं नाही. मग नाव घेऊन हाक मारली त्यांनी. दोनदा. मोठ्याने."

मी विचारलं नाही, पण तिनेच पुढे सांगितलं, की परत येताना तू तिच्याकडे भाकरतुकडा खाल्लास, शेळीच्या करडाला मांडीवर घेतलंस. आणि निघताना माझ्यासाठी निरोप दिलास. तिने तो तुझ्याच शब्दांत म्हणून दाखवला. तिला वाचता येत नसलं तरी ऐकलेलं ती एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही, हे मला आता चांगलंच माहीत आहे.

"तिला सांगा, मी आले होते. तिला भेटायला नव्हते आले."

निरोप पोचला, ताई. एवढंच कळवायला लिहिलं.

धाकटी